‘टेस्टेड ओके’ डिस्क घ्यावी का?

“सर, एक विचारायचं होतं. पेशंटबद्दल नाही.”

राउंड संपवून आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर चहा घेत होतो. विचारणारी आमच्याकडची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. तिच्या प्रबंधासाठी रुग्णांचे ईसीजी, एक्स-रेचे फोटो, इकोच्या चित्रफिती असा बराच पसारा जमला होता आणि लॅपटॉप गच्च भरला होता. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यायची, तर नवीची किंमत तिच्या विद्यावेतनाला झेपत नव्हती. लॅमिंग्टन रोडवर मात्र तेवढ्याच क्षमतेची ‘रिफर्बिश्ड’ डिस्क जवळपास निम्म्या किमतीत मिळत होती. वर ‘टेस्टेड ओके’ असं स्टिकर आणि दुकानदाराची तोंडी हमी. “घेऊ का?”

हाच प्रश्न मला सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका निवासी डॉक्टरनं विचारला होता. तेव्हा मी “घे की, डिस्कच तर आहे” असं म्हणून मोकळा झालो होतो. त्या उत्तराची किंमत त्यानं मोजली. आणि आणखी काही माणसांनीही मोजली असती, ज्यांना याचा अजून पत्ताही नाही.

त्याचा प्रबंध तापाच्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेवर होता. दीड वर्ष त्यानं एकेका रुग्णाचा फॉर्म भरला, स्कॅन केला आणि त्या स्वस्तातल्या डिस्कवर ठेवला. मूळ कागद विभागातल्या कपाटात होते. जुलैत गच्ची गळली आणि खालचे दोन कप्पे भिजून लगदा झाले, तेव्हा तो हसत म्हणाला, “सर, काळजी नाही, स्कॅन आहेत.” पुढच्याच महिन्यात डिस्कमधून टक टक आवाज यायला लागला. फायली उघडेनात. मग संगणक विचारायला लागला, ‘फॉरमॅट करायची का?’ प्रबंध जमा करायला सहा आठवडे उरले होते.

आमच्या विभागातल्या ऑपरेटरच्या भाच्याला या गोष्टींची माहिती होती. त्यानं पुसलेल्या फायली शोधून काढणारं एक सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी पडद्यावर लांबलचक यादी आली. तिच्यात प्रबंधाचे फॉर्म थोडेसेच होते. बाकीच्या शेकडो फायली होत्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या. नाव, वय, मोबाइल नंबर, साखर, थायरॉइड, गरोदरपणाच्या तपासण्या. एका फोल्डरचं नाव होतं ‘एचआयव्ही’. भाच्यानं उत्साहानं ते उघडलं आणि पहिलीच दोन-तीन नावं दिसल्यावर मी त्याला पडदा बंद करायला लावला.

मी त्या लॅबला फोन केला. मालक बिचारे घाबरले. “डॉक्टरसाहेब, कॉम्प्युटर जुना झाला म्हणून आम्ही भंगारवाल्याला दिला. पण फॉरमॅट करून दिला होता हो!” ते खरंच बोलत होते. त्यांनी फॉरमॅट केला होता. फॉरमॅट म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या दिवसापर्यंत मलाही नीटसं माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयात जरा वाचन केलं. माझा धंदा आजाराचा, त्यामुळे डिस्कही मला रुग्णासारखीच दिसते, त्याला इलाज नाही.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय थर दिलेल्या चकत्या, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० गिरक्या. त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपल्या डोक्यावरचा केस त्या अंतरापेक्षा हजारो पटींनी जाड. असं यंत्र वर्षानुवर्षं चालतं हेच आश्चर्य. ते झिजणार, धक्क्यानं बिघडणार, आणि एक दिवस थांबणार. नवं असो वा जुनं, मर्त्य दोन्ही आहेत.

मग किती जगतं? कंपन्या माहितीपत्रकात ‘सरासरी दहा लाख तास’ असे आकडे छापतात. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! यात खोटं काही नसतं, पण समजायला चुकतं. समजा, विशीतल्या तरुणांमध्ये वर्षाला हजारी एक मृत्यू होतो. त्यावरून कुणी म्हणालं की माणसाचं सरासरी आयुष्य हजार वर्षं, तर आपण हसू. वय वाढतं तसा धोका वाढतो, हे त्या हिशेबात आलेलंच नसतं. डिस्कचंही तसंच. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कचा हिशेब मांडला. माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला फार तर ०.८८ टक्के बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणि वयाबरोबर हे प्रमाण चढतच होतं.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी लोकांचा डेटा साठवते आणि आपल्या डिस्कची मर्तिकाची वही जाहीर करते. फार उपयोगी काम आहे हे. आमच्या कित्येक खात्यांनी शिकावं असं. त्यांच्याकडच्या सुमारे तीन लाख डिस्कपैकी २०२४ मध्ये १.५७ टक्के निकामी झाल्या. त्यांच्याच २०१३ च्या हिशेबात पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के असा आलेख होता. सुरुवातीला जास्त, मधे कमी, शेवटी पुन्हा जास्त. आमच्या बालमृत्यूच्या आणि वार्धक्याच्या आलेखांशी याचं नातं सरळ दिसतं. आताच्या डिस्क बऱ्या आहेत, पण म्हातारपण त्यांनाही चुकलेलं नाही.

म्हणजे वापरलेल्या डिस्कबद्दल खरा प्रश्न ‘जुनी आहे का’ हा नाही. तो आहे, ‘वय किती आणि आजवर काय काय झालं?’ आम्ही ज्याला केस हिस्टरी म्हणतो, ती.

ती हिस्टरी डिस्कमध्येच लिहिलेली असते. ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही प्रत्येक डिस्क स्वतः ठेवते. किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, किती जागा खराब झाल्यामुळे बाजूला टाकल्या. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत ती वाचता येते. त्यातले दोन-तीन आकडे महत्त्वाचे. चाललेले तास, ‘रिअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे बदललेल्या खराब जागा, आणि ‘पेंडिंग सेक्टर’ म्हणजे संशयित जागा. शेवटचे दोन शून्य हवेत. एक वर्ष अखंड चालणं म्हणजे ८,७६० तास. त्यावरून वय काढा.

गुगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचन-चूक दिसली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यांना आढळलं. इतका जोरदार इशारा देणारी रक्तचाचणी आमच्याकडे फार कमी आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या नोंदवहीत, तापमान सोडलं तर, एकही दोष नोंदलेला नव्हता. सगळं कोरं, आणि डिस्क गेली.

“डॉक्टर, आठवड्यापूर्वीच ईसीजी काढला होता, नॉर्मल होता हो!” हे वाक्य हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागाबाहेर मी किती वेळा ऐकलं असेल. ईसीजी खोटा नव्हता. त्या क्षणी तो नॉर्मलच होता. ‘टेस्टेड ओके’ स्टिकरचा अर्थही तेवढाच, की तपासली त्या दिवशी चालत होती.

आता हेही सांगायला हवं, की वापरलेली वस्तू म्हणून नाक मुरडणारा मी नाही. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो तोरा परवडत नाही. आणि मुंबईनंच या बाबतीत एक विलक्षण उदाहरण घालून दिलं आहे. हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले तर आतून झटका देऊन वाचवणारं आयसीडी नावाचं यंत्र लाखांच्या घरात जातं. अमेरिकेत रुग्णांच्या किंवा कुटुंबीयांच्या संमतीनं काढून घेतलेली अशी यंत्रं स्वच्छ, निर्जंतुक करून मुंबईत ती परवडत नसलेल्या ८१ रुग्णांना बसवण्यात आली. त्याचा अहवाल २०१२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. जंतुसंसर्गाची एकही गुंतागुंत त्यात नव्हती. वापरलेलं यंत्र थेट छातीत, आणि तरी ते सुरक्षित ठरलं. का? तर प्रत्येक यंत्र कुठून आलं ते माहीत होतं, बॅटरी किमान तीन वर्षं शिल्लक असेल तरच ते घेतलं होतं, आणि बसवल्यावर रुग्णावर लक्ष होतं.

वापरलेल्या डिस्कच्या बाजारात नेमकी यातली पहिली गोष्ट नसते. मोठी डेटा सेंटरं साधारण पाचेक वर्षांनी डिस्क एकगठ्ठा बदलतात. त्यातल्या बऱ्याच धडधाकट असतात. काही कंपन्या परत आलेल्या डिस्क स्वतः तपासून, आपल्या हमीसह पुन्हा विकतात. हा सगळ्यात बरा प्रकार. बाकी बाजारात ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही. बाहेरून जोडायच्या म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डिस्क कित्येकदा जुन्या लॅपटॉपमधून काढून नव्या डबीत घातलेल्या असतात. पुसून चकचकीत केलं की झालं रिफर्बिश्ड.

आणि हिस्टरीच खोटी लिहिली तर? २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत हे प्रकरण उघड झालं. नव्या म्हणून घेतलेल्या सीगेट कंपनीच्या मोठ्या डिस्क प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या निघाल्या. कुणीतरी स्मार्टची वही शून्यावर आणली होती. पण या डिस्क ‘फार्म’ नावाची दुसरी, खोलवरची नोंदही ठेवतात. ती पुसायचं राहून गेलं. तिथं १५,००० पासून ५०,००० पर्यंत तास सापडले. ५० हजार तास म्हणजे पाच वर्षं आठ महिने अखंड. यातल्या बऱ्याच डिस्क ‘चिया’ या आभासी चलनाच्या ‘खाणी’तून आल्या असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. २०२१ मध्ये आलेलं हे चलन डिस्कवरच्या जागेवर चालतं. त्याचा भाव पडला आणि डिस्क बाजारात आल्या. गाडीचं मीटर मागं फिरवण्याचाच हा प्रकार. त्यामुळे दुकानातल्या वापरलेल्या डिस्कचे तास शून्य दिसले तर मला आनंद होत नाही, शंका येते. उत्पादक कंपनी स्वतः तपासून विकते तेव्हा तीही तास शून्यावर आणू शकते, पण तिथं निदान तिची हमी असते. ‘फार्म’ वाचायला स्मार्टमॉनटूल्स हे मोफत साधन आहे. वापरायला जरा किचकट, पण कॉलेजात शिकणारी घरातली पोरं करून देतात.

हल्ली लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. तिला धक्क्याची भीती कमी. पण तिच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, आणि ती जाते तेव्हा टक टक न करता एकदम जाते. वापरलेली घ्यायची तर ‘आयुष्य शिल्लक’ किती टक्के आहे ते पाहून घ्या. आणि हजार-दीड हजारात सोळा टेराबाइट मिळतात म्हणून कुणी सांगितलं तर तिकडे फिरकूही नका. त्यात क्षमता खोटी लिहिलेली असते. तुम्ही भरत राहता, जुनं पुसलं जात राहतं, आणि ते कळतं सहा महिन्यांनी.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. डिस्कमुळे तो वाचला नाही, तपासणीमुळेही नाही. तो वाचला एका विसरलेल्या ईमेलमुळे. चार महिन्यांपूर्वी त्यानं सगळ्या रुग्णांचा तक्ता संख्याशास्त्रज्ञ मॅडमना चाळून बघायला पाठवला होता. तो त्यांच्याकडे तसाच पडला होता. उरलेल्या रुग्णांची माहिती त्यानं रेकॉर्ड विभागात रोज संध्याकाळी बसून, धूळ खात, केसपेपर उपसून पुन्हा भरली. आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षं ठेवाव्यात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. ते कारकुनी कलम मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं. प्रबंध शेवटच्या दिवशी जमा झाला.

त्याचं नुकसान स्वस्त डिस्कनं केलं असं मी बरीच वर्षं म्हणायचो. आता म्हणत नाही. त्याच्याकडे नवी कोरी, महागातली डिस्क असती आणि ती टेबलावरून पडली असती, तरी हेच झालं असतं. चूक होती ती एकच प्रत ठेवण्याची, आणि मी त्याला डिस्कबद्दल उत्तर दिलं, प्रतींबद्दल विचारलं नाही, ही माझी. संगणकवाले तीन-दोन-एक असा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. छायाचित्रकारांमधून आलेला हा नियम आहे, आणि लग्नाचे फोटो हरवलेल्या कुठल्याही घरी तो पटवून द्यावा लागणार नाही. या हिशेबात रिफर्बिश्ड डिस्कला जागा आहे. दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणून ती खुशाल घ्या. एकमेव प्रत म्हणून ती घेऊ नका. आणि खरं तर नवीही घेऊ नका.

राहिली ती लॅब. पुसलेली माहिती जात नाही, कारण साधं फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात. एमआयटीतल्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलाट यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं होतं. त्यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेतल्या. चालू निघालेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते, खासगी पत्रं होती आणि रुग्णांची माहितीही. पुढं २०१९ मध्ये ब्लँको कंपनीनं घेतलेल्या १५९ वापरलेल्या डिस्कपैकी ४२ टक्क्यांवर संवेदनशील माहिती शिल्लक होती. सोळा वर्षांत आपण फारसे शहाणे झालो नाही.

एचआयव्हीग्रस्तांची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. पण कायद्याआधी मला आठवतात ती माणसं. निदान ऐकल्यावर “घरी कळणार नाही ना डॉक्टर?” हे पहिलं विचारणारी. मी त्यांना छातीठोकपणे “नाही” सांगत आलो. त्या सकाळी त्यांच्यासारख्याच कुणाची तरी नावं एका कॉलेजच्या पोरासमोर पडद्यावर होती. तो मुलगा सज्जन होता, हे आमचं नशीब.

म्हणून दवाखाना, लॅब, औषधाचं दुकान, सीएंचं ऑफिस किंवा साधं घर, डिस्क बाहेर जाण्याआधी ती पूर्ण पुसली जायला हवी. फिरत्या चकतीच्या डिस्कवर सगळीकडे एकदा नवं लिहिलं, म्हणजे ‘फुल’ पद्धतीनं पुसलं, की पुरतं. त्याला काही तास लागतात. एसएसडीला तिच्या कंपनीचं ‘सिक्युअर इरेज’ वापरावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून वापरायची. मग ती चोरीला गेली काय, भंगारात गेली काय, किल्लीशिवाय आत काही नाही. आणि जी डिस्क बिघडल्यामुळे पुसताच येत नाही ती विकू नका. आमच्या विभागात आता अशा डिस्कला ड्रिलनं आरपार भोकं पाडतात आणि मगच ई-कचऱ्यात देतात. अस्थिरोग विभागाचे लोक हे काम फार मन लावून करतात.

हे सगळं काही मी त्या दिवशी चहाच्या बाकावर सांगितलं नाही. फक्त विचारलं, “आत्ता प्रती किती आहेत?”

“एकच सर. लॅपटॉपवर.”

“मग आधी ती दुसरी कर. डिस्कचं उद्या बघू.”

तिनं शेवटी थोडे पैसे घरून मागवून कमी क्षमतेची एक नवी डिस्क घेतली आणि दुकानदाराशी हुज्जत घालून, नोंदवही स्वतः वाचून, एक रिफर्बिश्ड. आधीच्या दोन डिस्क तिनं नाकारल्या. एकीत पेंडिंग सेक्टर अकरा होते, दुसरीवर दुकानदार लॅपटॉप लावूच देईना. घेतलेली डिस्क ९,२०० तास चाललेली आहे, तीन महिन्यांची लेखी हमी आहे. तिनं ती आधी पूर्ण पुसली, मग एन्क्रिप्ट केली. रुग्णांची नावं काढून नुसते क्रमांक ठेवलेत. नवी तिच्या खोलीत असते. रिफर्बिश्ड तिच्या भावाकडे ठाण्याला, महिन्यातून एकदा ती घरी जेवायला जाते तेव्हा त्यावर नवी भर टाकते. दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावून तिनं शेवटच्या प्रतीची तारीख लिहिली आहे, आम्ही सलाइनच्या बाटलीवर लिहितो तशी.